नॉमिनी, बक्षीसपत्र की मृत्युपत्र? त्याआधी आईचं काय ते ठरवा

तुम्ही जे मांडलंय ते थोडक्यात असं. वडील ७६ वर्षांचे, आई ७१ची. कोथरूडचा फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे, नोकरीच्या पैशातून घेतलेला, कर्ज केव्हाच फिटलेलं. वाई तालुक्यात आजोबांकडून आलेली अडीच एकर जमीन आहे. बँकेत ठेवी, थोडे शेअर, थोडे म्युच्युअल फंड. तुम्ही आईवडिलांजवळ राहता, थोरले बंधू अमेरिकेत, बहीण लग्न होऊन कोल्हापुरात. वडिलांचं म्हणणं, "सगळीकडे नॉमिनी तूच आहेस, आणखी काय करायचं?" काका म्हणतात बक्षीसपत्र करून घ्या, दोनशे रुपयांत काम होतं. भाऊ म्हणतो ट्रस्ट करू. आणि जमिनीबद्दल घरात असं धरून चाललंय की बहिणीच्या लग्नात भरपूर खर्च केला, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही.

मी दिवाणी वकील आहे. मृत्युपत्रं, वाटपपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिणं आणि त्यावरून उभे राहिलेले दावे चालवणं, हेच माझं बहुतेक काम. तुमचा प्रश्न वाचताना एक गोष्ट खटकली. तिन्ही भावंडांचा उल्लेख आहे, जावयांचा आहे, काकांचं मत आहे. आईचं फक्त वय आहे. वडिलांच्या मागे आई जिथे राहणार ते घर कोणाचं असेल, तिच्या औषधपाण्याचे पैसे कोणाच्या सहीने निघतील, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि नॉमिनी, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांतलं काय निवडायचं हे त्यावरूनच ठरवायला हवं.

समजा वडिलांनी काहीच केलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे आणि मुलगी. वडिलांची आई हयात असेल तर तीही. तुमच्या घरात आजी नाहीत असं धरलं, तर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असे चार समान हिस्से पडतील. म्हणजे ज्या घरात आईने उभा संसार केला, त्या घराची ती एक चतुर्थांश मालकीण. उरलेला पाऊण फ्लॅट मुलांचा.

"आम्ही भावंडं आईला थोडंच बाहेर काढणार आहोत?" असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच असेल. पण माझ्याकडे येणारी बहुतेक घरं भांडणामुळे येत नाहीत. ती सह्यांमुळे अडकलेली असतात. आईचे गुडघे गेले, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला सोडून लहान घर घ्यायचंय, किंवा आजारपणासाठी फ्लॅट विकून पैसा उभा करायचाय. आता विक्रीच्या कागदावर चौघांची सही लागते. एक जण अमेरिकेत, त्याला मुखत्यारपत्र करायला सुट्टी मिळत नाही. एखाद्या भावंडाचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. एखाद्याच्या धंद्यातल्या कर्जासाठी बँकेने त्याच्या हिश्श्यावर जप्ती आणली आहे. कोणाचीही नियत वाईट नसताना सत्तरी ओलांडलेली बाई वर्षानुवर्षं स्वतःच्याच घरात अडकून पडते. हे टाळणं वडिलांच्या हातात आहे, तेही आज, ते धडधाकट असताना.

आता नॉमिनीबद्दल. वडिलांचा हा समज घरोघरी असतो आणि तो चुकीचा आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती दिले की बँक मोकळी झाली, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. घेणारा ते वारसांच्या वतीने घेतो आणि वारस त्याच्याकडे आपला हिस्सा मागू शकतात. शेअरच्या बाबतीत काही काळ गोंधळ होता, कारण २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीलाच मालक ठरवलं होतं. 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला: शेअरचा नॉमिनीही मालक होत नाही, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच जाते. सोसायटीतही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ पासून कलम १५४ब-१३ आहे. त्याप्रमाणे नॉमिनीला सोसायटी फक्त तात्पुरता सभासद करून घेते. कायम सभासदत्व ज्याचा हक्क सिद्ध होईल त्याचं. विम्याचं थोडं निराळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना 'लाभार्थी नॉमिनी' असा दर्जा मिळतो, म्हणजे रक्कम त्यांचीच मानली जाते. म्हणून पॉलिसी असतील तर त्यांचा उल्लेख मृत्युपत्रात स्वतंत्रपणे करावा, म्हणजे दोन कागद दोन दिशांना ओढणार नाहीत.

तरीही नॉमिनेशन बिनकामाचं नाही. वडिलांच्या मागे पहिल्या दोन-तीन महिन्यांत हातात पैसा येतो तो त्यामुळेच. म्हणून याच आठवड्यात करण्यासारखं एक काम सांगते: ठेवी, बचत खातं, डीमॅट, म्युच्युअल फंड, सगळीकडे पहिलं नाव आईचं करा. बँकेतल्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तेव्हा आईनंतर तुमचंही नाव घालता येईल. ठेवी 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या पद्धतीने आईवडिलांच्या जोडनावावर असतील तर आणखी चांगलं. आणि एक विनंती. वडील गेल्यावर त्यांच्या एटीएम कार्डाने किंवा त्यांनी दिलेल्या मुखत्यारपत्राने पैसे काढू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. पुढे भावंडांत काही बिनसलं की खात्याच्या उताऱ्यावरच्या त्या दोन-चार नोंदींवरूनच पहिला आरोप होतो.

काकांचा सल्ला, बक्षीसपत्र. दोनशे रुपयांचं खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. भावाबहिणीला दिलं तर ही सवलत नाही. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी किती पडेल ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारून घ्या. पण स्वस्त आहे म्हणून करावं असा हा दस्त नव्हे. बक्षीसपत्र नोंदवलं आणि तुम्ही स्वीकारलं की फ्लॅट त्या दिवसापासून तुमचा. वडिलांना मन बदलून तो परत घेता येत नाही.

आणि एका शक्यतेचा कोणी विचारच करत नाही. ईश्वर न करो, पण बक्षीसपत्रानंतर वडिलांच्या आधी तुमचंच काही बरंवाईट झालं, तर फ्लॅट तुमच्या वारसांकडे जाईल: तुमची पत्नी, तुमची मुलं आणि तुमची आई. कायद्याने वडील हे मुलाचे पहिल्या वर्गातले वारस नाहीत. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून घर घेतलं, त्यांचाच त्या घरावर हक्क उरत नाही. अशी एक केस माझ्याकडे होती. सून भली होती म्हणून म्हातारा-म्हातारी त्या घरात राहिली. पण सासऱ्यांना ठेवून घेण्याचं कायद्याने तिच्यावर बंधन नव्हतं, आणि त्या दोघांना ते रोज जाणवत होतं.

ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३ आहे ना, असं कोणी सांगेल. आहे. 'मुलगा सांभाळ करील' या अटीवर मालमत्ता दिली आणि त्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ती रद्द ठरवू शकतं. पण अट होती हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये 'सुदेश छिकारा' प्रकरणात हे बजावलं, तर २ जानेवारी २०२५ च्या 'उर्मिला दीक्षित' निकालात याच कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. म्हणून बक्षीसपत्र करायचंच झालं, तर सांभाळाची अट आणि आईवडील दोघांचाही तहहयात राहण्याचा हक्क दस्तात स्पष्ट शब्दांत हवा. असा हक्क राखून दिलेलं बक्षीस कायद्याने वैध असतं. बक्षीसपत्राला माझा सरसकट विरोध नाही. वडिलांचा दुसरा एखादा फ्लॅट असता आणि तो आजच एका मुलाला द्यायचा असता, तर मी हेच सुचवलं असतं. आईवडील राहतात ते एकुलतं एक घर मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्याच हातात राहावं, या मतावर मी ठाम आहे.

तर तुमच्या घराला मृत्युपत्र हवं. एक नाही, दोन: वडिलांचं आणि आईचं, वेगवेगळी, शक्यतो एकाच दिवशी. दोघांचं मिळून एकच जोड मृत्युपत्र करू नका. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही यावरून वाद होतात.

वडिलांच्या मृत्युपत्रात फ्लॅटचं काय लिहावं? जुन्या पद्धतीची बहुतेक मृत्युपत्रं सांगतात, 'पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा, तिच्या पश्चात मुलांना मिळावे.' ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. अडचण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ची आहे. स्त्रीला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ता, मर्यादित हक्काने दिली असं लिहिलेलं असलं तरी, पोटकलम १ प्रमाणे तिची पूर्ण मालकीची होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा 'तुलसम्मा' निकाल याचा पाया. उलट पोटकलम २ प्रमाणे मृत्युपत्राने नव्याने दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो. यातली नेमकी रेषा कुठे, यावर पुढचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा विषय मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. म्हणजे 'तहहयात' या शब्दावर तुमच्या घराचं भवितव्य टांगायचं, तर तो शब्द पुढे कसा वाचला जाईल याची खात्री आज कोणीही वकील देऊ शकत नाही.

म्हणून आईवडिलांचा एकमेकांवर आणि मुलांवर विश्वास असेल, तर मी सरळ लिहिते: "माझ्या पश्चात सदर सदनिका माझी पत्नी हिला संपूर्ण व निर्वेध मालकी हक्काने मिळेल. तिला ती विकण्याचा, भाड्याने देण्याचा, गहाण ठेवण्याचा अगर मृत्युपत्राने देण्याचा पूर्ण अधिकार राहील. ती माझ्याआधी निवर्तली असल्यास सदर सदनिका पुढीलप्रमाणे मिळेल..." आणि मग तिन्ही मुलांचे हिस्से. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. आई आधी गेली आणि पर्यायी तरतूद नसली, तर तो भाग मृत्युपत्र न केल्यासारखाच वारसांकडे जातो. आईच्या मृत्युपत्रात याचंच प्रतिबिंब असतं: तिचे दागिने, तिच्या नावच्या ठेवी, आणि वडिलांकडून येईल ती मालमत्ता, हे आधी वडिलांना आणि ते नसतील तर मुलांना.

यात धोका नाही का? आहे. आई पूर्ण मालक झाली की उद्या कोणाच्या दबावाखाली मृत्युपत्र बदलू शकते. वडिलांना ती भीती खरोखर वाटत असेल, तर तहहयात हक्काचा मार्ग घ्यावा. पण मग आईच्या पोटगीसाठी ठेवी वेगळ्या नेमून द्याव्यात, आणि घरातला हक्क पोटगीपोटी दिलेला नाही हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावं. कोणता मार्ग घ्यायचा हे घरच्या माणसांवर अवलंबून आहे. दुरून मला एवढंच सांगता येईल की एकाहत्तरीच्या बाईला घर विकायची मोकळीक असणं हे मला मुलांच्या हिश्श्याच्या शाश्वतीपेक्षा मोलाचं वाटतं.

तुम्ही आईवडिलांजवळ राहता, त्यांचं दुखणंखुपणं बघता. वडिलांना तुम्हाला जास्त द्यावंसं वाटत असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. फ्लॅट स्वकष्टार्जित आहे, तो ते कोणालाही देऊ शकतात. मात्र मग कारण मृत्युपत्रात लिहावं, साध्या शब्दांत: "धाकटा मुलगा व सून यांनी आमचा सांभाळ केला आहे, थोरल्या मुलाच्या परदेशी शिक्षणाचा खर्च मी केला आहे, मुलीवर माझे तितकेच प्रेम आहे." कारणाशिवाय एखाद्याला वगळलेलं मृत्युपत्र न्यायालयाला संशयास्पद वाटतं, आणि वगळलेल्या मुलाला तर ते आयुष्यभर सलतं.

सही करण्याची पद्धत, कारण दाव्यात मृत्युपत्र पडतं ते बहुधा इथेच. स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात. वडिलांनी त्यांच्यासमोर सही करायची आणि त्या दोघांनी वडिलांसमोर. साक्षीदार हिस्सा मिळणारे नकोत, त्यांचे नवरा-बायकोही नकोत. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावं लागतं (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७). म्हणून वडिलांचे सकाळी फिरायला येणारे समवयस्क मित्र साक्षीला घेऊ नका. पन्नाशीच्या आतले, पत्ता पक्का असलेले दोघे निवडा. वडिलांना नेहमी तपासणारे डॉक्टर तयार असतील तर फारच छान. नाहीतर त्यांच्याकडून त्याच दिवसाच्या तारखेचा, 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असल्याचा दाखला घ्या. आदल्या महिन्याचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

माझ्या ऑफिसात मी काय करते ते सांगते. मसुदा वडिलांना घरी पाठवते, आठवडाभर राहू देते. सहीच्या दिवशी मुलांना बाहेर बसवते, एकही आत नको. मग वडिलांनाच मोठ्याने वाचायला सांगते. वाचता वाचता ते कुठेतरी थांबतात, "इथे धाकट्या नातीचं नाव राहिलंय," असं काहीतरी म्हणतात. ती दुरुस्ती मी त्यांच्याच हाताने, त्यांच्याच पेनने करवून घेते, शेजारी त्यांची छोटी सही. साक्षीदारांनी हे सगळं पाहिलेलं असतं. वर्षांनी साक्ष द्यायची वेळ आली की त्यांना तेच आठवतं, आणि तीच साक्ष खरी वाटते. ज्याला मिळणार त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, हा १९५९ च्या 'व्यंकटाचल अय्यंगार' निकालापासून संशयाचा मोठा मुद्दा मानला जातो. तुम्ही नॉमिनी आहात, त्यांच्याजवळ राहता, तेव्हा वकील ठरवण्यापासून टायपिंगपर्यंत सगळं तुम्ही केलंत तर तो कागद तुमच्याच अंगावर येईल. वडिलांना वकिलाकडे स्वतः बोलू द्या, तुम्ही रिक्षाने सोडा आणि खाली थांबा.

नोंदणी सक्तीची नाही, पण करा असंच मी सांगते. दुय्यम निबंधकाकडे फोटो, अंगठा होतो, कागद हरवण्याचा प्रश्न राहत नाही. वडील अंथरुणाला खिळले असतील तर अर्ज देऊन निबंधकाला घरी बोलावता येतं. पुण्यात केलेल्या मृत्युपत्राने पुण्यातला फ्लॅट जात असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. मुंबई शहरात ते पूर्वी सक्तीचं होतं, ती सक्तीही डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातून गेली.

आता जमीन, आणि इथे मला तुमच्या घरातला समज स्पष्टपणे खोडायचा आहे. लग्नात खर्च केला म्हणून मुलीचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या निकालात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार आहे. मुलींना हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालं असेल तरच ते अबाधित.

पण जमीन मुळात वडिलोपार्जित आहे का, हे आधी बघावं लागेल. 'आजोबांकडून आली' म्हणजे वडिलोपार्जित, असं सगळेच म्हणतात. कायद्यात ते इतकं सरळ नाही. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ च्या पुढे, वारसाने वडिलांकडे आली असेल तर ती वडिलांची स्वतःची आणि ती त्यांना मृत्युपत्राने देता येते. पणजोबांपासून एकत्र कुटुंबाची चालत आली असेल तर वडिलांना मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच करता येतं. वडील, आई आणि तुम्ही तिघं असे धरले तर तो हिस्सा एक पंचमांश. मग मृत्युपत्रात 'माझी सर्व जमीन' लिहून उपयोग नाही.

हे कळतं जुन्या फेरफारांवरून, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींवरून. आजचा सातबारा पुरत नाही. आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं आहे का बघा, म्हणजे ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेले होते. आणि 'इतर हक्क' या रकान्यात तुमच्या आत्यांची नावं आहेत का, हे आवर्जून बघा. आजोबा गेल्यावर मुलांची नावं कब्जेदार म्हणून आणि मुलींची इतर हक्कात, अशी नोंद महाराष्ट्रात सर्रास झाली आहे. घरच्यांना वाटतं आत्यांनी हक्क सोडला. तलाठ्यापुढे 'मला काही नको' असा जबाब दिला असेल, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर आत्यांचा हिस्सा आजही त्यांचाच, आणि त्या गेल्या असतील तर त्यांच्या मुलांचा. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही.

आत्यांनी किंवा बहिणीने मनापासून सोडायचं ठरवलं, तर वडिलोपार्जित मालमत्तेच्या अशा हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्रच आहे. कागद सोपा आहे, विचारण्याची पद्धत अवघड. तेराव्याच्या जेवणानंतर बहिणीपुढे टाइप केलेलं हक्कसोडपत्र ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. ती रडत सही करते, आणि पुढे तिची मुलं दावा आणतात. तुमचे वडील हयात आहेत. त्यांनी स्वतः मुलीला बोलावून, तिच्या नवऱ्याशिवाय, काय मनात आहे ते सांगावं. तिला जमीन हवी असेल तर द्यावी. नको असेल तर त्या बदल्यात ठेवींतलं काही द्यावं. सगळ्यांची एकवाक्यता झाली तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढे वाटप करून घेता येतं. फक्त अडीच एकराचे तुकडे पाडताना तुकडेबंदी कायद्यातलं प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याचं किमान क्षेत्र) आड येत नाही ना, ते बघा.

भावाच्या ट्रस्टबद्दल थोडक्यात. घरात मतिमंद किंवा स्वतःचे व्यवहार न करू शकणारं मूल असतं, तर मी ट्रस्टलाच पहिलं स्थान दिलं असतं. तुमच्याकडे तसं काही नाही. एक फ्लॅट, थोड्या ठेवी आणि तीन सज्ञान मुलं असताना ट्रस्ट म्हणजे दरवर्षीचा हिशेब आणि सीएची फी. भावाच्या मनात अमेरिकेतला वारसा-कर असेल. भारतात तसा कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली. वारसाने मिळाल्यावर कर नाही, विकल्यावर भांडवली नफ्यावर आहे, आणि तेव्हा वडिलांची खरेदीची किंमतच धरली जाते. म्हणून फ्लॅटची जुनी खरेदी पावती, सोसायटीचं भागपत्र जपून ठेवा. भावाला त्याचा हिस्सा एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतो. तिकडे त्याला वर्षात १ लाख डॉलरच्या वर वारसा मिळाला तर तिथल्या करखात्याला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. तो कर नाही, पण न कळवल्याचा दंड जबर आहे. शेतजमीन तो वारसाने घेऊ शकतो, विकत घेऊ शकत नाही. त्याने मुखत्यारपत्र करून पाठवलं, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्या. ही मुदत हुकली की दंड बसतो.

तुमच्यापैकी कोणाची मालमत्ता गोव्यात असेल तर यातलं बरंच लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत चालत आली आहे, मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचंच देता येतं. आणि तुमच्या नात्यात कोणी अपत्य नसलेली विधवा असेल, एखादी मावशी, तर तिला मृत्युपत्र करायला आधी सांगा. तिने स्वतः कमावलेलंही मृत्युपत्राविना सासरच्या वारसांकडे जातं, भावाबहिणींकडे नाही.

तर क्रम असा. या आठवड्यात नॉमिनी बदलून आई. मग वडील आणि आई यांची मृत्युपत्रं, वकील त्यांच्या पसंतीचा. बक्षीसपत्र नको, ट्रस्ट नको. जमिनीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे आणि फेरफार काढायला अर्ज द्या. त्यात मोडी लिपीतले कागद निघाले तर वाचून देणारे जाणकार भेटतात, घाबरू नका. ते कागद यायला वेळ लागेल. त्यासाठी वडिलांचं मृत्युपत्र थांबवू नका. जमिनीपुरतं त्यात "सदर मिळकतीत माझा जो काही हिस्सा असेल तो" एवढं लिहिलं तरी चालतं, नेमका हिस्सा नंतर ठरतो. फेरफार हाती आले की त्यातल्या वारसनोंदी आणि इतर हक्काचा रकाना जसाच्या तसा लिहून पाठवा, म्हणजे आत्यांच्या हिश्श्याबद्दल नीट सांगता येईल.